पहिलं उत्तर सरांचं

हे गेले आणि त्यानंतर त्यांच्याच ऑफिसात मला नोकरी लागली. आमच्या सदाशिव पेठेतल्या एक बाई जिन्यात माझ्या तोंडावर म्हणाल्या, "आयत्या बिळावर नागोबा!" मी म्हटलं, "अहो, नागोबा गेला म्हणून बीळ मिळालंय. हवं असेल तर सांगा, अदलाबदल करू." त्यानंतर त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एक कटकट कमी झाली.

ऑफिस म्हणजे एका ट्रस्टची छोटी प्रयोगशाळा. हडपसर सोडून मांजरीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक बैठी इमारत होती, मागे थोडी शेती. तिथे विहिरींचा अभ्यास चालायचा. यंदा पाऊस किती झाला, पंप किती तास चालतात, जमीन कसली आहे, एवढं सांगितलं की वैशाखात अमुक विहिरीत किती फूट पाणी उरेल, ते आधीच काढायचं. ह्यांनी जन्मभर एवढंच केलं. आधी आलेखाच्या कागदावर करत होते, मग कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटरवर. मी गणिताची पदवीधर. पेठेत तेव्हा एक घर सोडून एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता, त्यातल्याच एकात शिकवत होते. त्यामुळे मला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं.

ह्यांनी एक फंक्शन लिहून ठेवलं होतं. फंक्शन म्हटलं की आमच्या नात्यातल्या बायकांना मुंजच आठवायची. पण इथे फंक्शन म्हणजे एकदा लिहून ठेवलेली कृती. मग नुसतं नाव घ्यायचं, मशीन ती कृती करून उत्तर देतं. ह्यांच्या फंक्शनचं नाव होतं 'पाणी'. दुसरं काय असणार? नाव ठेवायची हौस ह्यांना कधी नव्हतीच.

ह्या 'पाणी'ची एक खोड होती. उत्तर कधी सव्वातीन किंवा पावणेपाच यायचं नाही. खाली उतरून अर्ध्या फुटाला येऊन थांबायचं. "विहिरीला दशांश कळत नाही," असं हे म्हणायचे. तीच खोड घरीही होती. किती वाजता याल? "साडेसात." येणार आठ वाजून गेल्यावर, आणि तरी ते साडेसातच. शेवटच्या आजारपणात मी विचारायची, किती दुखतंय हो? छताकडे बघत म्हणायचे, "अर्धं."

ह्यांच्यामागे ऑफिसने एक गोष्ट केली. ह्यांचा फोल्डर प्रत्येक मशीनवर असा जोडून ठेवला की आम्ही हिशोबाला वापरायचो ती गणिताची प्रणाली सुरू झाली की आपोआप तो हाताशी यावा. गरज अशी कुणाला नव्हती. पण सरांचं काम आहे, राहू दे. खंडेनवमीला आम्ही मशीनना झेंडूचे हार घालायचो, हळदकुंकू लावायचो, तेव्हा आमचे हेडक्लार्क त्या फोल्डरसाठी म्हणून एक फूल वेगळं ठेवायचे. मी एकदा म्हटलं, अहो, फोल्डरला फूल कसलं वाहता? ते म्हणाले, "असू द्या वहिनी. काय खायला मागतंय का?"

मला ते आवडायचं. उगाच कशाला खोटं बोलू?

ह्यांच्या हाताखाली एक मुलगी पीएच.डी. करत होती. हडपसरची. वडील तिथल्याच कारखान्यात होते, आता रिटायर. आजोबांनी छप्पन्नच्या दीक्षेनंतर घरातले जुने देव उतरवले आणि पोरांना शाळेत घातलं, हे ती अभिमानाने सांगायची. वडिलांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी डॉक्टर होणार हाय, पण सुई टोचणारी न्हाई." तिचा विषय ह्यांच्याच विषयाच्या पुढचा होता. हे गेले त्या सुमारास मांजरीच्या रस्त्याला बोअरच्या गाड्या यायला लागल्या. शेतं विकली जात होती, काचेच्या इमारती उठत होत्या, सोसायट्या होत होत्या, आणि प्रत्येकाला पाणी हवं होतं. रात्रंदिवस घरघर चालायची. बोअर खालून पाणी ओढतात, मग शेजारच्या विहिरीत काय उरतं? ते तिने शोधलं होतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात विहिरीविहिरीवर टेप सोडत हिंडली होती. हात करपून काळे पडले होते पोरीचे.

हे गेल्यावर तिला नवे गाइड मिळाले. प्रयोगशाळेचे प्रमुखही तेच. हुशार माणूस, पण जिभेला हाड नाही.

आता एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा ती गंमतच होती. तिची स्क्रिप्ट, म्हणजे सगळे हिशोब ओळीने करणारी फाइल, आमच्याकडे दोघं-तिघं वापरायचे. सकाळी मशीन सुरू करून ती पहिल्यांदा चालवली की उत्तर भलतंच यायचं. पुन्हा चालवली की बरोबर, आणि मग दिवसभर बरोबर. का, ते कुणी विचारलंच नाही. ती मुलगी म्हणायची, मशीन गार असतं मॅडम, पहिली किक फुकट जाते. आम्ही सगळे स्कूटरवाले, आम्हाला ते पटलं. हेडक्लार्क म्हणायचे, "पहिलं उत्तर सरांचं, दुसरं आपलं." पहिला घास बाजूला काढून ठेवावा तसं आम्ही पहिलं उत्तर सोडून द्यायचो. पुण्यात राहून एवढे शिकलेले लोक आणि हे आमचं विज्ञान! हसू येतं आता. तेव्हाही येत होतंच, पण कुणी पुढे काही केलं नाही.

प्रबंध विद्यापीठात द्यायच्या आधी नव्या गाइडनी एका सकाळी तिची स्क्रिप्ट आपल्या खोलीतल्या मशीनवर चालवली. एकदाच. आलेले आकडे प्रबंधाशी जुळेनात. तिला बोलावलं. ती बिचारी खरं ते सांगून मोकळी झाली, "सर, पहिला रन आम्ही सोडून देतो."

झालं! हातात कोलीतच दिलं तिने. म्हणजे जे आकडे सोयीचे नाहीत ते सोडायचे, सोयीचे ठेवायचे. आकडे बनवलेत तुम्ही, असं ते म्हणाले. विद्यापीठाला तसं कळवणार म्हणाले. आणि वर म्हणाले, "तुम्हा लोकांना भारी घाई असते." कुठल्या लोकांना, ते काही त्यांनी सांगितलं नाही. ती समजली. तिने मला सांगितलं तेव्हा मीही समजले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी ती माझ्या खोलीत आली. रडत नव्हती. ताठ बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी आकडे बनवले नाहीत."

"माहितीये मला. उन्हात काय फिरायला जात होतीस? सरक तिकडे, खुर्ची दे."

मी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. मांजरीच्या अलीकडे एक जांभळाखालची विहीर होती, तिचे आकडे घातले. पहिलं उत्तर आलं साडेबारा फूट. पुन्हा चालवलं. तीन पूर्णांक शहाऐंशी. प्रबंधात तीन शहाऐंशीच होतं. सगळं बंद करून परत सुरू केलं. साडेबारा, मग तीन शहाऐंशी. दुसरी विहीर घेतली. पहिल्यांदा नऊ फूट, मग एक बेचाळीस. तिसरी घेतली. साडेसात, मग शून्याच्या जवळ काहीतरी.

साडेबारा. नऊ. साडेसात.

मी की-बोर्डवरचा हात उचलला. ती पोरगी पडद्यावरचा फरक बघत होती. मी नुसतं पहिलं उत्तर बघत होते. दशांश नव्हते. सगळं अर्ध्यावर येऊन थांबलेलं.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. जा, चहा पिऊन ये. मला नको."

ती गेली. मी दार लोटलं. लग्न झालं त्या वर्षीच्या वैशाखात हे मला त्याच जांभळाखालच्या विहिरीवर घेऊन गेले होते. लोक नव्या बायकोला महाबळेश्वरला नेतात, ह्यांनी मला विहीर दाखवली. ह्यांनी टेप सोडला, मी वाकून वाचलं, बारा फूट आठ इंच. हे म्हणाले, साडेबारा लिही. मी म्हटलं, अहो, आठ इंच आहे, दोन इंच कुठे गेले? हे म्हणाले, विहिरीला दशांश कळत नाही. मी हट्टाने आठ इंचच म्हणत राहिले. परत येताना स्कूटरवर भांडलो आम्ही त्या दोन इंचांवरून.

मी मशीन बंद केलं. सुरू केलं. पडद्यावर आलं, साडेबारा.

"अहो," मी म्हटलं.

पुन्हा बंद केलं, पुन्हा सुरू केलं. साडेबारा. एकदा उत्तर द्यायचं आणि मग तीन शहाऐंशीला जागा देऊन निघून जायचं. मी बंद केलं की परत यायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या खोलीत हे होते, हे मला त्या वेळी नक्की वाटत होतं, आणि भीती वाटत नव्हती. उलट वाटत होतं, कुणी दार उघडू नये. आणखी कुठल्या विहिरी विचारू, असं चाललं होतं माझं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग बाहेर तिच्या चपला वाजल्या. ती दाराशी उभी राहिली, आत आली नाही. तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. मी इथे ह्यांच्याशी गप्पा मारतेय आणि हिच्या कपाळी खोटारडी म्हणून शिक्का बसायचाय.

"ये. स्क्रिप्ट उघड. वरपासून खालपर्यंत वाचू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. फाइलच्या सुरुवातीच्या ओळी आकडे वाचायच्या. त्याखाली 'पाणी'ला हाक मारून उत्तर मागितलं होतं. आणि स्वतः 'पाणी' म्हणजे काय, बोअर धरून नवीन कृती कशी करायची, ते तिने लिहिलं होतं अगदी तळाशी. शेवटच्या ओळींत.

"हे इतकं खाली का लिहिलंस गं?"

ती थोडी गोंधळली. "वरच्या ओळी सरांच्या आहेत मॅडम. सरांनीच फाइल सुरू करून दिली होती. त्यांच्या वर माझं कसं लिहू? म्हणून खाली घातलं."

"आणि नाव? नाव तेच का ठेवलंस?"

"सरांनी ठेवलेलं नाव आहे. ते बदलायचं मनात नाही आलं."

मी कपाळावर हात मारला. तिला समजावून सांगितलं. मशीन वरून खाली वाचत येतं. मधेच 'पाणी' म्हणून हाक आली तेव्हा तुझं 'पाणी' अजून त्याने वाचलेलंच नाही, ते खाली आहे. मग ते आजूबाजूला शोधतं. सरांचा फोल्डर हाताशी जोडलेला आहे, त्यात त्याच नावाचं फंक्शन आहे. हाकेला ते ओ देतं. सरांच्या काळात बोअर नव्हते, म्हणून पाणी भरपूर निघतं. मग मशीन खाली उतरतं, तुझं 'पाणी' वाचतं आणि लक्षात ठेवतं. दुसऱ्यांदा चालवलंस की तुझं ओ देतं. मशीन बंद केलं की तुझं विसरतं, सरांचं फोल्डरमध्ये असतंच.

ती म्हणाली, "म्हणजे पहिलं उत्तर खरंच सरांचं होतं."

"हो."

"मॅडम, मी माझ्या फंक्शनचं नाव बदलते. सरांचं आहे तसं राहू दे."

"शहाणीच आहेस! उन्हात तू फिरलीस, नाव तू का बदलायचं? उचल ते तिथून, वर घे. सरांच्या ओळींच्याही वर."

तिचा हात पुढे होईना. शेवटी मीच तिच्या ओळी तळातून उचलल्या आणि फाइलच्या डोक्यावर ठेवल्या. सगळं बंद केलं, सुरू केलं, चालवलं. पहिल्याच फटक्यात तीन शहाऐंशी. साडेबारा आलं नाही. मी एक क्षण वाट पाहिली, वेड्यासारखी.

तशाच आम्ही नव्या गाइडच्या खोलीत गेलो. हेडक्लार्क कागद घेऊन तिथेच उभे होते. मी बदललेली फाइल दिली आणि म्हटलं, आपण स्वतः चालवून बघा, एकदाच. त्यांनी मशीन सुरू केलं, चालवलं. तीन शहाऐंशी. प्रबंधाचं पान काढून ताडून पाहिलं, मग आणखी विहिरी घालून पाहिल्या. सगळं जुळलं. त्यांनी चष्मा काढला.

"मग सकाळी इथे साडेबारा आलं, ते कुणाचं?"

मी मुलीकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. पण ती खाली मान घालून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. सरांचं उत्तर चूक आहे, असं ती बोलणार नव्हती. पदवी गेली असती तरी बोलली नसती.

"ह्यांचं," मी म्हटलं.

"सरांचं? सरांचं गणित चुकायचं नाही."

"तेव्हा चुकलं नव्हतं. आता चूक आहे. बाहेर बोअरच्या गाड्या उभ्या आहेत, त्या ह्यांनी पाहिल्या नाहीत. त्या सोसायट्या पाहिल्या नाहीत. ह्यांना यातलं काही माहीत नाही. ह्यांच्या हिशोबात अजून विहिरी भरलेल्या आहेत. कारण हे नाहीत. हे मेलेत."

तोवर मी कुणापाशी हा शब्द उच्चारला नव्हता. हे गेले, एवढंच म्हणायची. मंडईत गेले म्हणावं तसं. हेडक्लार्कांनी मान फिरवली. बाहेर बोअरची घरघर चालू होती.

गाइड म्हणाले, "ठीक आहे. विद्यापीठाला काही कळवत नाही."

"मला नका सांगू. तिला सांगा."

त्यांनी चष्मा परत घातला. "तुमचे आकडे बरोबर आहेत," ते तिला म्हणाले.

"हो सर. मला माहीत होतं," ती म्हणाली. माफी त्यांनी मागितली नाही. अशी माणसं मागत नाहीत.

संध्याकाळी मी एकेक मशीन घेऊन ह्यांचा फोल्डर सोडवायला बसले. हेडक्लार्क मागे येऊन उभे राहिले. "वहिनी, असू द्या की. तिचं काम तर झालं."

"तिच्यामागून येणारी मुलंही 'पाणी'च नाव ठेवतील हो. आणि अदबीने स्वतःचं खाली लिहितील. मग मशीनच्या हाकेला पुन्हा हेच ओ देतील." सगळं मी एका सीडीवर घेतलं आणि घरी नेऊन कपाटात, ह्यांच्या स्वेटरखाली ठेवलं.

मुलगी यथावकाश डॉक्टर झाली. तिचे वडील पेढे घेऊन आले, "जय भीम ताई," म्हणाले आणि खुर्चीवर न बसताच आधी ह्यांच्या फोटोपुढे एक पेढा ठेवला. मी म्हटलं, अहो, तुम्ही बसा तर खरं. मुलगी हसली. आता ती दुसरीकडे शिकवते. जांभळाखालची विहीर बुजवून तिथे पार्किंग केलंय, हे तिनेच मला फोनवर सांगितलं.

पण फोल्डर काढला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. मशीन सुरू केलं. स्क्रिप्ट उघडलीच नाही. नुसतंच टाइप केलं, 'पाणी', आणि पुढे जांभळाखालच्या विहिरीचे आकडे. बटण दाबलं.

लाल अक्षरांत ओळ आली, या नावाचं इथे काही सापडत नाही.

"मलाही," मी म्हटलं, आणि टेबलावर डोकं टेकून रडले.